सकाळचा फोन आणि हाकेचं माणूस : प्रकल्प नोंदी

सिंधुदुर्ग जिल्हा, कुडाळ तालुका. एका गावाच्या चार वाड्यांमध्ये एकटे किंवा नवराबायको दोघंच राहणारे सत्तरीपुढचे लोक. त्यांना रोज सकाळी आपोआप फोन जावा आणि तो उचलला नाही तर शेजारच्याने घरी जाऊन पाहावं, या कामाची ही मे ते डिसेंबर २०२५ मधली वही. नावं लिहिलेली नाहीत. घरांना आकडे दिलेत आणि इथे उतरवताना तेही बदललेत.

१२ मे २०२५

देऊळवाडी आणि खालची वाडी फिरून झाली. आशाताई, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, सोबत होत्या, त्यामुळे ओळख करून द्यावी लागली नाही. सगळीकडे चित्र तेच आहे. घर शाबूत, खळं स्वच्छ, पडवीत खुर्ची आणि आत एक माणूस. मुलं मुंबईत, पुण्यात, नाहीतर गोव्यात. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. राज्य वाढत होतं तेव्हा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी आकसत होते. गेले ते कमावते, राहिले ते म्हातारे.

फोन प्रत्येक घरात आहे, पण त्याची तऱ्हा बघायला हवी. बहुतेकांकडे बटणांचा फोन आहे आणि त्यावर आलेला फोन उचलता येतो, एवढंच. काही घरांत मुलाने गणपतीत आणून दिलेला स्मार्टफोन प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात ठेवलाय. हरवू नये म्हणून जपलेला. आणखी एक गोष्ट सारखी समोर आली. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुंबईतल्या मुलाचा आहे. बँकेत किंवा सेवा केंद्रात ओटीपी लागला की तो मुंबईला जातो आणि म्हातारा माणूस काउंटरसमोर उभा राहून मुलाला फोन लावत बसतो.

प्रत्येक घरात शेवटचा प्रश्न एकच विचारला : रात्री काही झालं तर कोणाला हाक माराल? मुलाचं नाव कोणीही घेतलं नाही. सगळ्यांनी शेजाऱ्याचं नाव सांगितलं. कोणी भावकीतली जाऊ, कोणी समोरच्या घरातला रिक्षावाला, कोणी बचत गटातली वहिनी. हा प्रश्न वहीत ठळक करून ठेवलाय.

२५ मे

पाऊस लवकर आला. आज मान्सून देवगडपर्यंत पोचल्याची बातमी आहे. इथे त्याआधीपासूनच संततधार. वीज गेली, काही तासांनी टॉवरची बॅटरी संपली आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. बरंच झालं, हे सुरुवातीलाच दिसलं. नेटवर्क नसेल त्या दिवशी काय करायचं हे आधी ठरवायचं आणि मग यंत्रणा बांधायची.

९ जून

आजच्या बैठकीत आराखडा ठरला. मदत देणाऱ्यांपैकी काहींचा आग्रह ॲपचा होता : म्हाताऱ्यांच्या हातात ॲप, मुलांच्या फोनवर सूचना. आम्ही नको म्हणालो. कारण लिहून ठेवतो, पुढेही कोणीतरी विचारेलच.

मुंबईतल्या मुलाला सकाळी संदेश गेला की आई फोन उचलत नाही. तो तेव्हा गाडीत लटकलेला असतो. तो काय करणार? घाबरणार आणि गावात शेजाऱ्याला फोन लावणार. शेजारी गोठ्यात असला तर पुन्हा लावणार. मग संदेश थेट शेजाऱ्यालाच का जाऊ नये? मुलाला कळायलाच हवं, पण कोणीतरी घरात जाऊन पाहिल्यानंतर, काय झालंय हे सांगता येईल तेव्हा. चालत पोचू शकेल असं माणूस आधी आणि पैसे पाठवू शकेल असं माणूस नंतर, हा क्रम आम्ही पक्का केला. त्या पहिल्या माणसाला आम्ही ‘हाकेचं माणूस’ म्हणतो. प्रत्येक घराला अशी दोन माणसं, घरातल्या म्हाताऱ्या माणसानेच निवडलेली.

फोन संध्याकाळी करावा असं काहींचं म्हणणं होतं, गप्पा होतील म्हणून. पण पडण्याच्या घटना बऱ्याचदा रात्री लघवीला उठताना होतात. रात्री पडलेलं माणूस संध्याकाळच्या फोनपर्यंत जमिनीवर राहिलं तर पडण्याच्या इजेपेक्षा पडून राहण्याची इजा मोठी होते. अंगातलं पाणी कमी होतं, दाबल्या गेलेल्या जागी जखमा होतात, स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून सकाळी साडेसात.

कामाची रीत अशी : साडेसातला आपोआप फोन जातो. उचलला की त्या घराचं काम संपलं. नाही उचलला तर दहा मिनिटांनी दुसरा. तोही नाही तर पहिल्या हाकेच्या माणसाला फोन. त्याने घरी जाऊन पाहायचं आणि आपल्या फोनवर एक आकडा दाबायचा. वीस मिनिटांत आकडा आला नाही तर दुसऱ्या माणसाला फोन, त्यानंतर आमच्याकडे. म्हाताऱ्या माणसाने फोन उचलण्यापलीकडे काहीही करायचं नाही. बटण दाबणं ऐच्छिक आहे.

१८ जून

आवाज कोणाचा, यावर आज बराच वेळ गेला. संगणकाने तयार केलेला मराठी आवाज ऐकवला. स्पष्ट होता, पण घ-४ मधल्या आजींनी अर्ध्यातच फोन खाली ठेवला. त्यांना तो कंपनीचा फोन वाटला. मग आमच्यातल्या एका ताईंचा आवाज घेतला. तो जवळच्यांना आवडला, पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना शब्द लागेनात. वय वाढतं तशी उंच पट्टीची ऐकण्याची ताकद आधी जाते. स, श, फ असली अक्षरं निसटतात आणि बारीक आवाजातलं बोलणं नुसतं कुजबुजल्यासारखं वाटतं.

शेवटी देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांना विनंती केली. त्यांचा आवाज खर्जातला, सावकाश, शब्द तोडून बोलणारा आणि गावातल्या प्रत्येक कानाच्या ओळखीचा. त्यांनी एका बैठकीत रेकॉर्डिंग दिलं : “सकाळ झाली. फोन उचललात, बरा झाला. कोणाक बोलवूचा आसात तर दोन दाबा.” घ-४ च्या आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, “आवाज घरचो वाटता.” हेच वापरायचं.

संमती घ्यायचं कामही आज सुरू केलं. कागदावर अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही असं ठरलंय. काय साठवणार, कोणाला कळणार, कधी बंद करता येईल हे मालवणीत सांगायचं आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात ठेवायचं. साठवतो ते एवढंच : फोन उचलला की नाही, आणि ज्यांनी हो म्हटलंय त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो.

१ जुलै

फोन सुरू झाले. पहिलीच अडचण : काही स्मार्टफोनवर आमच्या नंबरवर ‘स्पॅम’ची पाटी येते. घरोघरी जाऊन नंबर ‘गावचो फोन’ या नावाने साठवून देतोय. बटणांच्या फोनवर रिंगचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन ठेवायची जागा ठरवून दिली. उशाशी किंवा देवघराच्या कट्ट्यावर. चुलीपाशी नको, परसात तर नकोच.

‘उचलला नाही’ आणि ‘लागलाच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यंत्रणेत त्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. रिंग जाऊन उचलला नाही तर माणसाचा प्रश्न. लागलाच नाही तर बहुधा चार्जिंगचा किंवा टॉवरचा. एकाच वाडीतली बरीच घरं एकदम ‘लागला नाही’ दाखवू लागली तर फोन थांबतात आणि आम्ही वाडीतल्या एका ठरलेल्या माणसाला गाठतो. तो सगळी दारं फिरून येतो. त्याचाही फोन लागत नसेल तर आमच्यापैकी कोणीतरी गाडी काढतं. मे महिन्यातल्या पावसाने शिकवलेलं हे कलम आहे.

त्याच फेरीत सत्तरीवरच्यांची आयुष्मान कार्डं काढायला घेतली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. गावात याची माहिती होती, पण ओटीपी पुन्हा मुंबईतच जात होता. आधी नंबर बदलून घ्यायचे, मग कार्ड. वेळखाऊ काम आहे, पण नंबर बदलला की पुढची सगळी कामं सुटतात.

२९ जुलै

काल श्रावणातला पहिला सोमवार होता. आज आशाताईंनी गोळ्या मोजल्या तेव्हा घ-९ आणि घ-१४ मध्ये एकेक दिवसाची पाकिटं तशीच. कारण विचारलं तर सरळ उत्तर : “गोळी जेवल्यावर घ्यायची असं डॉक्टर म्हणाले. काल जेवलेच नाही.”

ही गोष्ट कुठल्याही आठवण करून देणाऱ्या यंत्रात नसते. घड्याळाला आठ वाजलेले कळतात, उपवास कळत नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोललो. ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी उपाशीपोटीही चालते, ती चुकवायची नाही. साखरेच्या गोळीचं उलट आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, भोवळ येते, बेशुद्धीही येऊ शकते. म्हणजे एकाच घरात एक गोळी उपवासाला घ्यायलाच हवी आणि दुसरीबद्दल डॉक्टरांना आधी विचारायला हवं.

आता चातुर्मासाचे सोमवार, एकादशी, संकष्टी यांची तारीखवार यादी फोनच्या वेळापत्रकात टाकतोय. आदल्या दिवशी सकाळी काकांच्या आवाजात वेगळं वाक्य जाईल : “फाल्या उपास आसा. रक्तदाबाची गोळी चुकवू नको. साखरेच्या गोळयेचा आज आशाताईक इचारा.” फाल्या म्हणजे उद्या, हे बाहेरच्या वाचकांसाठी. आशाताईंच्या फोनवर त्याच दिवशी साखर असलेल्या घरांची यादी जाईल. उपास सोडा असं कोणालाही सांगणार नाही. ते आमचं काम नाही आणि तसं सांगितलं तर फोन उचलणंही बंद होईल.

१४ ऑगस्ट

घ-१७ मधले आबा गेले काही दिवस उठताना तोल जातो म्हणत होते. रक्तदाब उपकेंद्रात नेहमी चांगला येतो. या जिल्ह्यात रक्तदाबाचं काम जुनं आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तो सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या चार जिल्ह्यांपासून. त्यामुळे कार्ड, नोंदी, गोळ्या सगळं वेळच्या वेळी आहे. तरी तोल जातो.

आज उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं झालं. चित्र मधेच अडकत होतं, आवाज मात्र नीट येत होता. डॉक्टरांनी एकच गोष्ट करायला सांगितली. आबांना पाच मिनिटं आडवं झोपवा, रक्तदाब घ्या, मग उभं करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. झोपून १४८/८२. उभं राहिल्यावर १२२/७४. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते दुखणं वेगळं. खुर्चीत बसवून घेतलेल्या मापात ते कधीच दिसलं नसतं.

चिठ्ठ्यांचे फोटो कामी आले. प्रोस्टेटसाठी दुसरीकडून लिहून दिलेली टॅम्सुलोसिनची गोळी रात्री चालू होती आणि तीही रक्तदाब खाली आणते. उपकेंद्राच्या कार्डावर ती नव्हती, कारण ती दुसऱ्या दुखण्याची. डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहून गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि आबांना सांगितलं की रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. दोन आठवड्यांनी पुन्हा मापायचंय.

घरी मापणाऱ्यांसाठी पडवीत तक्ता लावतोय. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र, मनगटाचं नको. आधी पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, बोलायचं नाही. बारीक दंडाला लहान पट्टा, कारण मोठा पट्टा आकडा खोटा कमी दाखवतो आणि आमच्या बऱ्याच आज्यांचे दंड बारीक आहेत.

३० ऑगस्ट

गणपतीत चाकरमानी आलेत, म्हणून आज आरतीनंतर शाळेत मुलांची बैठक ठेवली. गर्दी चांगली झाली. सुरुवातीला नाराजी होती : “आम्हाला नंतर का कळवणार?” क्रम समजावून सांगितला. एका मुलाने स्वतःच सांगितलं की मागच्या वर्षी वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा तो विरारहून गावातल्या नातेवाइकांना एकामागून एक फोन लावत होता आणि त्यांच्यातलं कोणी जवळ नव्हतं. त्यानंतर वाद संपला. प्रत्येकाने आपल्या घराच्या हाकेच्या माणसाला भेटून, नंबर घेऊन, चहा पिऊन यायचं असं ठरलं. ही भेट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजाऱ्यावर जबाबदारी टाकायची तर त्याच्या दारात जाऊन विचारायला हवं.

घ-६ मध्ये कॅमेऱ्यावरून बोलणं झालं. मुलगा चांगला आहे, आईची काळजी मनापासून करतो. माजघरात आणि पडवीत कॅमेरे लावायला आणले होते. काकी म्हणाल्या, “माका कॅमेरो नको. मी कशी रवतंय ता बघूचा आसात तर हयसर येवन बघ.” मुलगा गप्प झाला. काकींच्या बाजूने मी बोललो. घर त्यांचं आहे, डोक्यावर पदर नसताना, पाय पसरून बसताना कोणीतरी बघतंय ही भावना घेऊन त्यांनी का राहावं? कॅमेरा पडणं थांबवत नाही, पडलेलं दाखवतो, आणि तेही त्या क्षणी कोणी बघत असेल तर. कॅमेरे परत गेले. त्याऐवजी मुलाने मागच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून द्यायचं कबूल केलं आणि जायच्या आधी बसवूनही दिला.

घ-२ च्या भाऊंना मुलीने पडल्याचं ओळखणारं घड्याळ दिलंय. नारळ सोलताना जोर लागला की घड्याळ ‘पडलात का’ विचारतं. रोज चार्ज करायचं आणि आंघोळीआधी काढून ठेवायचं. मग ते हातात नसतं नेमकं न्हाणीघरात, जिथे पाय घसरतो. ज्यांना सवय आहे त्यांनी वापरावं. आमच्या यंत्रणेचा आधार मात्र त्यावर ठेवणार नाही.

१७ सप्टेंबर

घ-११. साडेसातला रिंग गेली, उचलला नाही. सात चाळीसला पुन्हा नाही. हाकेचं माणूस म्हणजे शेजारची वहिनी. ती भाकऱ्या टाकत होती, तवा उतरवून गेली. पुढचं दार आतून बंद, मागचं उघडं. आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी कुशीवर पडलेल्या. शुद्धीत होत्या, बोलत होत्या, पण आवाज क्षीण. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याचं हाड मोडल्याची ही खूण जुलैच्या प्रशिक्षणात दाखवली होती आणि वहिनीने ती ओळखली.

तिने आजींना उचललं नाही. हे फार मोठं काम तिने केलं, कारण पडलेल्या माणसाला आधी उठवून बसवायचं हीच आपली सगळ्यांची पहिली धाव असते. अंगावर चादर घातली, डोक्याखाली घडी ठेवली, चहा द्यायला आलेल्या शेजारणीला थांबवलं, कारण शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं. १०८ ला फोन केला आणि मग आमच्या यंत्रणेतला आकडा दाबला. मुलाला आम्ही फोन केला तेव्हा सांगता आलं : आई शुद्धीत आहे, पाय मोडल्यासारखा वाटतो, रुग्णवाहिका निघाली आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेतोय. त्याने लगेच कोकण रेल्वेचं तिकीट बघायला घेतलं.

आजी पहाटे अंधारातच पडल्या होत्या. म्हणजे काही तास त्या ओल्या फरशीवर होत्या. सकाळचा फोन नसता तर वहिनी दुपारी ताक द्यायला गेली असती तेव्हा कळलं असतं.

रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वहिनीने फोनमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला. क्लोपिडोग्रेल चालू होती. शस्त्रक्रिया आणि भूल कशी द्यायची ते यावर ठरतं. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असं धरतात, कारण जितके दिवस खाटेवर तितका न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. आयुष्मान कार्ड जुलैतच काढलेलं होतं, त्यामुळे कागदांसाठी कोणाला धावावं लागलं नाही.

२० सप्टेंबर

घ-११ च्या आजींची शस्त्रक्रिया झाली. काल आधार देऊन उभं केलं. मुलगा पोचलाय, तो महिनाभर राहणार आहे.

सगळ्या घरांची रात्रीची वाट पाहिली : खाट ते न्हाणीघर. अंधार, उंच उंबरे, चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ, दिव्याचं बटण वाटेच्या दुसऱ्या टोकाला. हालचाल झाली की आपोआप पेटणारे एलईडी दिवे बसवायला घेतलेत. यांना इंटरनेट लागत नाही, शिकावं लागत नाही, कोणाला काही कळवत नाहीत. म्हातारं माणूस खाटेवरून पाय खाली टाकतं आणि वाट दिसते. या प्रकल्पातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. वीज गेली तरी चालावेत म्हणून चार्ज होणारे घेतले. पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं काम बचत गटाने घेतलंय.

४ नोव्हेंबर

हयातीच्या दाखल्यांचा महिना. गावात निवृत्तिवेतनाचे सगळे प्रकार आहेत : गोदीतले, बेस्टमधले, लष्करातले आणि एसटी, गिरणी किंवा कारखान्यातले ‘ईपीएस ९५’वाले (भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतले), ज्यांना किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयेच आहे. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो. हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं आणि ते उगाच बँकेच्या रांगेत उभे राहत होते.

अंगठा हा इथला जुना त्रास. काजूच्या बियांच्या टरफलातलं तेल कातडी खातं, त्यात चिरा, कोयता, दोरखंड. आयुष्यभर असं काम केलेल्या हातावर रेघा राहत नाहीत आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे, पण चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि अशा हातांसाठी तीच उपयोगाची. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप एका फोनवर, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँकेचा तपशील हाताशी, मग काही मिनिटांचं काम.

काही मिनिटांचं, पण जागा नीट हवी. आज घ-२० च्या काकांचा चेहरा माजघरात काही केल्या घेतला जाईना. खळ्यात आणलं, तोंड उजेडाकडे, पाठीमागे भिंत, डोक्यावरची टोपी आणि चष्मा काढून ठेवला, फोन डोळ्यांच्या पातळीवर धरला. डोळे मिटा, उघडा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते डोळा सावकाश मिटतात, म्हणून घाई न करता पुन्हा सांगितलं. हिरवी खूण आली तेव्हा काकांनी विचारलं, “म्हणजे मी आसंय ना?” मोठ्याने हो म्हटलं, त्यांना कमी ऐकू येतं.

१३ नोव्हेंबर

घ-८ ला फोन आला : दाखला भरला नाही तर पेन्शन बंद, व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल उघडा आणि आलेला नंबर सांगा. आबा सांगायच्या बेतात होते. आजींनी हात धरला आणि म्हणाल्या, “आमचो फोन असा कधी विचारीत नाय.” फोन ठेवला, वहिनीला बोलावलं. फाइल उघडली नव्हती. पुसून टाकली, तो नंबर बंद केला.

सुरुवातीपासून आम्ही एक नियम पाळतोय : आमचा फोन कधीही काहीही विचारत नाही. नाव नाही, आकडा नाही, पैसे तर नाहीच. त्यामुळे विचारणारा फोन परका, एवढी साधी पारख तयार झाली. हेही काकांच्या आवाजात रेकॉर्ड करून आठवडाभर सगळ्यांना पाठवतोय, शेवटी १९३० या क्रमांकासह. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात तिथे कळवणं महत्त्वाचं. बँकांना पुढची खाती वेळेत गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त. ज्यांचं आधारवरून पैसे काढणं चालू नाही त्यांचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून देतोय, त्यांच्यासमोर आणि त्यांना विचारून.

२७ नोव्हेंबर

जत्रांचा हंगाम सुरू झालाय. रात्रभर दशावतार, पहाटे घरी, मग साडेसातला गाढ झोप. या आठवड्यात हाकेच्या माणसांना सारखी धाव पडली आणि प्रत्येक वेळी आत कोणीतरी घोरत होतं. वहिनी हसून म्हणते चालायचंच, पण अशाने एक दिवस धाव ढिली पडेल.

म्हणून ‘रजा’ सुरू केली. आदल्या संध्याकाळी आमच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की दुसऱ्या दिवशीचा फोन साडेदहाला जातो. पूर्ण बंद नाही होत, उशिरा होतो. जत्रेच्या गावांची यादी करून त्या त्या वाडीचा फोन आम्हीही स्वतःहून पुढे ढकलतोय. आज्यांनी रात्रभर नाटक बघावं, त्यासाठीच तर पाय धड राहायला हवेत.

घ-११ च्या आजी वॉकर घेऊन खळ्यात येतात. जत्रेला जायचंय म्हणतात. रिक्षावाल्या भाऊंनी न्यायचं कबूल केलंय, फिजिओथेरपिस्टना विचारून.

२२ डिसेंबर

आमचा निधी मार्चपर्यंत आहे, त्यानंतर हे कोण चालवणार यावर सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि बचत गटासोबत बसलो. फोनचा खर्च ग्रामपंचायतीला झेपेल एवढा आहे. अवघड आहे ते यादी जिवंत ठेवणं. घ-३ ची पहिली हाकेची बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि तिचं नाव बदलायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. ते तपासणी कॉलमध्ये सापडलं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हाकेच्या माणसांनाही एक फोन जाईल : गावात आहात ना?

दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, यादी आणि चिठ्ठ्यांचे फोटो गावातल्या व्हॉट्सॲप गटावर येणार नाहीत. ते आशाताई आणि त्या घराचं हाकेचं माणूस यांच्यापलीकडे जाणार नाहीत. दोन, हाकेच्या माणसांना मानधन नाही तरी त्यांच्या फोनचं रिचार्ज ग्रामपंचायतीने करावं. सकाळी भाकरी टाकून धावणाऱ्या बाईने फोनमध्ये पैसे आहेत की नाहीत हे बघत बसू नये.

सरपंचांनी दोन्ही मान्य केलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय. त्याआधी वरच्या वाडीची नोंदणी संपवायची, घ-१७ च्या आबांचा उभ्याने रक्तदाब पुन्हा घ्यायचा आणि राहिलेल्या सात घरांना दिवे बसवायचे. काका संक्रांतीनंतर मुलाकडे बोरिवलीला जातायत, त्याआधी उन्हाळ्याची वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची : पाणी पिया, दुपारी काजीच्या बागेत जाव नको.